छपराने पाऊस अडवला, पूर नाही: ओल्ड ब्लेनहाइम पुलाचं प्रकरण

२८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात ओल्ड ब्लेनहाइम पूल आपल्या दगडी पायांवरून उचलला गेला आणि खाली वाहत जाऊन फुटला. न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहॅरी या शेतीवाडीच्या काउंटीत, नॉर्थ ब्लेनहाइम गावाजवळ, स्कोहॅरी क्रीक या ओढ्यावर १८५५ साली बांधलेला हा छपराचा लाकडी पूल. मधे एकही खांब नाही, आणि दोन्ही काठांच्या पायांमधलं मोकळं अंतर २१० फूट, म्हणजे ६४ मीटर. एकूण लांबी २३२ फूट. येणारी आणि जाणारी अशा दोन वेगळ्या मार्गिका. मधल्या आधाराशिवाय एवढं अंतर पार करणारे लाकडी पूल जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. सर्वांत लांब कोणता, हा वाद कॅलिफोर्नियातल्या १८६२ च्या ब्रिजपोर्ट पुलाशी नेहमी चाले. एकूण लांबी धरायची की पायांमधलं मोकळं अंतर, यावर त्याचं उत्तर बदलतं. १९६४ मध्ये ब्लेनहाइम पुलाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला होता.

या पुलाचं लाकूड १५६ वर्षं टिकलं. तो कुजून पडला नाही, ओझ्याने मोडला नाही, जळलाही नाही. देखभालीचं जवळजवळ सगळं लक्ष लाकडावर राहिलं आणि नाश आला तो पाण्याच्या पातळीतून. अमेरिकेच्या ग्रामीण काउंट्यांमधल्या अनेक छपरी पुलांना हे लागू पडतं.

छप्पर कशासाठी

पुलावर बर्फ साचू नये म्हणून छप्पर घातलं, असं पर्यटकांना अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. हिवाळ्यात वाहतूक घसरगाड्यांनी चालायची आणि त्यांना खाली बर्फ लागायचा, म्हणून पुलाच्या फळ्यांवर मुद्दाम बर्फ आणून पसरावा लागे. छप्पर आणि बाजूची फळकुटं होती ती आतल्या कैचीसाठी. पुलाचं सगळं ओझं पेलणारी ती लाकडी चौकट आहे आणि तिचे सांधे ओले राहिले की पूल संपतो.

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तिला जोर येतो तो साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर, लाकडाचे तंतू पाण्याने भरलेले असताना. उघड्यावरच्या पुलात पावसाचं पाणी फळीच्या सपाट पाठीवरून वाहून जातं, पण कूस (लाकडाचं कोरलेलं टोक) आणि खाच (ते टोक बसवायची जागा) यांच्या सांध्यात शिरलेलं पाणी आठवडाभर बाहेर पडत नाही. असा पूल १० ते २० वर्षांत दुबळा होतो. तीच चौकट झाकली तर शंभर वर्षं सहज काढते. म्हणून या पुलांच्या देखभालीचा पहिला नियम असा: छप्पर गळू देऊ नका. बाजूची एखादी फळी निसटली तर महिनाभर थांबता येतं, छपराला भोक पडलं तर थांबू नये.

छपराखालीही काही जागा कोरड्या राहत नाहीत. खालच्या तुळईची दोन टोकं, जिथे ती दगडावर टेकते, ही सर्वांत वाईट जागा. रस्त्यावरून येणारी माती, पालापाचोळा आणि बर्फावर टाकलेलं मीठ तिथे साचतं, दगड ओल धरतो आणि वारा पोचत नाही. जुन्या कारागिरांनी यावर उपाय ठेवला होता. मुख्य तुळई थेट दगडावर न ठेवता तिच्याखाली ओकसारख्या टणक लाकडाचे ठोकळे द्यायचे. कुजायचे तर ते कुजतील आणि पूल जॅकने थोडा उचलून बदलता येतील. ठोकळ्यांकडे दुर्लक्ष झालं की कूज वर तुळईत चढते, आणि मग दोन दिवसांच्या कामाच्या जागी सहा महिन्यांचं काम होऊन बसतं.

तीन कैच्या, मधली सर्वांत उंच

पूल बांधणारा निकोलस पॉवर्स (१८१७–१८९७) व्हरमाँट राज्यातल्या पिट्सफर्डचा. पुलाची चौकट त्याने आधी गावातच जमिनीवर जुळवली, मग सुटी करून नदीवर नेली आणि पुन्हा उभी केली. अशा चाचणी-जुळणीचा खर्च वाया जात नाही. शेकडो खाचा आणि कुसा हाताने कापल्या की त्यातली एक तरी चुकतेच. ती चूक जमिनीवर सापडली तर एक लाकूड बदलतं, नदीवर मचाणावर सापडली तर काम थांबतं आणि पुराच्या दिवसांत मचाणही जातं. खालचे टेकू काढताना पॉवर्स पुलाच्या आढ्यावर जाऊन बसला होता, अशी लोककथा त्या भागात सांगतात.

कैचीचा मूळ नमुना स्टीफन लाँग या लष्करी अभियंत्याचा, १८३० च्या पेटंटचा. वर एक तुळई, खाली एक तुळई, मधे ठरावीक अंतरावर उभे खांब आणि प्रत्येक दोन खांबांच्या चौकटीत फुलीसारखे तिरपे दांडे. फुलीतला मुख्य तिरपा जोडीचा असतो, तो ओझं टोकाकडे नेतो. उलट दिशेचा तिरपा एकटा असतो आणि जोडीच्या मधून जातो. खरी युक्ती या उलट्या तिरप्यात आहे. त्याच्या टोकाशी लाकडी पाचरी ठोकून त्याला आधीच दाबात ठेवायचं. मग चौकट आतूनच ताणून बसते, आणि गाडी पुलावर आली की सांधे हलण्याऐवजी तो दाब थोडा कमी होतो. पूल कमी डोलतो आणि सांधे कमी झिजतात.

ही युक्ती पाचरी घट्ट असेपर्यंतच चालते. ताजं पाइन वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं. १२ इंच जाडीचं लाकूड कापणीच्या कोनानुसार तीन सुतांपर्यंत बारीक होतं. लांबीत मात्र नजरेला येईल असा फरक पडत नाही. म्हणजे बांधून झाल्यावर दोन-तीन वर्षांत पाचरी आपोआप ढिल्या पडतात आणि पुन्हा ठोकाव्या लागतात. पाचर बोटाने हलली तर ती चौकट काम करत नाही असं समजावं. ठोकायलाही क्रम आहे. टोकाकडून मध्याकडे जायचं, दोन्ही बाजूंनी सारखं, आणि एका फेरीत थोडंथोडं. एकाच बाजूच्या पाचरी जोराने ठोकल्या तर खांबांच्या खाचेवर ओढ येते आणि खाचेची कड सोलून निघते. ही कड गेली की तो सांधा दुरुस्त होत नाही, खांबच बदलावा लागतो.

ब्लेनहाइम पुलात अशा तीन कैच्या होत्या, दोन बाजूंना आणि एक मधे. दोन मार्गिकांचा पूल म्हटलं की मधल्या कैचीवर दोन्हीकडचं ओझं येणार. रस्त्याच्या फळ्यांखालच्या आडव्या तुळया मधे तोडलेल्या असतील तर मधल्या कैचीवर निम्मं आणि बाजूंच्या दोघींवर पाव-पाव. त्या तुळया मधल्या आधारावरून सलग गेल्या असतील तर हिशेब आणखी मधे झुकतो: मधे ६२.५ टक्के आणि बाजूंना फक्त १८.७५ टक्के प्रत्येकी. पॉवर्सने हे कागदावर मांडलं होतं की हाताच्या अंदाजाने ओळखलं होतं, हे महत्त्वाचं नाही. त्याने मधली कैची थेट छपराच्या आढ्यापर्यंत उंच नेली आणि तिच्यात एक मोठी लाकडी कमान बसवली. कमानीची टोकं खालच्या तुळईच्याही खाली उतरून दगडी पायाला भिडत होती, तर माथा आढ्याजवळ होता. कैचीची उंची वाढली की तुळईतला ताण त्याच प्रमाणात उतरतो, म्हणून ही उंची फुकट मिळालेलं बळ आहे. छप्पर उतरतं असल्याने मधे जागा आपोआप मिळते. ती वाया घालवली नाही, हे या रचनेतलं सर्वांत देखणं शहाणपण.

कमानीने मात्र एक नवी अडचण आणली. कमान दगडी पायाला बाहेर ढकलते. पाया एक इंचही सरकला की कमान सैल पडते आणि तिचं ओझं पुन्हा कैचीवर येतं. दोघींमध्ये ओझं कसं वाटलं गेलंय हे पूल पाहून सांगता येत नाही. शिवाय कमानीची खालची टोकं छपराच्या आडोशाबाहेर, पाण्याच्या तुषारांजवळ असतात. कमान असलेल्या कुठल्याही छपरी पुलाची पाहणी करताना आधी तिथे खाली उतरावं, कारण वरून कमान नेहमी ठणठणीत दिसते.

क्रीकची चाल

स्कोहॅरी क्रीक कॅट्सकिल डोंगरात उगम पावून उत्तरेकडे मोहॉक नदीला मिळतो. नावाला ओढा, वागायला नदी. डोंगर उतारावरचं पाणी काही तासांत खोऱ्यात येतं. १८६९ च्या पुरात त्याने पुलाला हात लावला नाही, पण पूर्वेकडच्या टोकाला वळसा घालून नवा प्रवाह कापला. पूल जागेवर आणि रस्ता पाण्यात, अशी स्थिती झाली. त्या बाजूला जोडपूल घालावा लागला. १८९५ मध्ये तिथे लोखंडी जोडपूल आला. दरम्यान १८९१ मध्ये पथकर बंद झाला. १९३० च्या सुमारास शेजारी नवा पोलादी पूल झाला, तेव्हा जुना पाडायचा विचार होता. गावकऱ्यांनी आग्रह धरला आणि काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने तो ऐतिहासिक ठेवा म्हणून राखला. तेव्हापासून त्यावर फक्त पायी जाणारे.

पुराचा इशारा १८६९ मध्येच मिळाला होता. त्यानंतरही पुलाची उंची तीच राहिली. त्या काळी ती बदलण्याचं कारणही नव्हतं, कारण सहा दशकं रोजची बैलगाडी-घोडागाडी त्याच पातळीच्या रस्त्यावरून जात होती. १९३० नंतर मात्र पुलाला रस्त्याच्या पातळीला धरून राहायची सक्ती उरली नव्हती. उंची वाढवण्याचा प्रश्न तेव्हा विचारता आला असता. पण राखणं म्हणजे आहे तसं, आहे तिथे, ही समजूत पक्की होती, आणि ती अजूनही अनेक ठिकाणी पक्की आहे.

याच क्रीकने पुढे मोठा धडा दिला. ५ एप्रिल १९८७ रोजी न्यूयॉर्क थ्रूवे महामार्गाचा काँक्रीटचा पूल स्कोहॅरी क्रीकवरच कोसळला आणि १० जण गेले. उथळ पायाखालची माती पाण्याने खरवडून नेली होती आणि पायाभोवती टाकलेले संरक्षक दगड पुरेसे राहिले नव्हते. त्यानंतर अमेरिकेत पुलांच्या पायाखालच्या खरवडीची तपासणी आणि पाण्याखालची पाहणी नियमित झाली. महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटी बसगाड्यांसह वाहून गेला, तेव्हा आपल्याकडेही हाच प्रश्न उभा राहिला की वरून पाहणी केलेल्या पुलाबद्दल आपल्याला नेमकं काय कळलेलं असतं.

पुराच्या दिवशी पुलावर काय येतं

आयरीनने कॅट्सकिलच्या काही भागांत एका दिवसात १० इंचांहून जास्त पाऊस पाडला. वर प्रॅट्सव्हिलला क्रीकचा कमाल प्रवाह सेकंदाला सुमारे १,२०,००० घनफूट, म्हणजे ३,४०० घनमीटर नोंदला गेला. प्रॅट्सव्हिल आणि ब्लेनहाइम यांच्यामध्ये गिलबोआ धरण आहे, पण ते न्यूयॉर्क शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. तुडुंब भरलं की पाणी सांडव्यावरून सरळ पुढे जातं. त्याने पूर अडवावा अशी अपेक्षा धरणं चूक होतं.

पाणी पुलाच्या तळाला टेकलं की तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, आणि त्या एकमेकींना बळ देतात. इथे पुलाचे नेमके आकडे नाहीत. हिशेबाची रीत समजावी म्हणून गोल आकडे धरले आहेत.

पहिली, आडवा रेटा. बाजूला फळ्या ठोकलेला पूल म्हणजे पाण्यासमोरची भिंत. ६४ मीटर लांबीच्या भिंतीचा खालचा १ मीटर पाण्यात आहे आणि प्रवाह सेकंदाला ३ मीटर आहे असं धरा. रेटा येतो साधारण ४४ ते ५९ टन. वेग ४ मीटर झाला तर तोच ७८ ते १०४ टन, कारण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वाहून आलेली झाडं पुलाला अडकली की भिंत खालच्या दिशेने आणखी वाढते आणि हे आकडे मागे पडतात.

दुसरी, तरंगणं. सुकं पाइन घनमीटरला ४०० ते ४५० किलो भरतं, आणि तेवढंच पाणी १००० किलो. म्हणजे पुलाच्या एकूण लाकडातलं निम्म्याच्या आसपास पाण्यात गेलं की पूल आपलं वजन विसरतो. अलीकडचा जड पोलादी किंवा काँक्रीटचा पूल असा तरंगत नाही.

तिसरी, घर्षणाचा ऱ्हास. जुना पूल दगडावर नुसता टेकलेला असतो, त्याला धरून ठेवतं ते वजन. पूल १५० टनांचा मानला आणि लाकूड-दगड घर्षण ०.४ ते ०.५ धरलं, तर कोरड्यात तो ६० ते ७५ टनांच्या रेट्याला जागचा हलणार नाही. तळाकडचं ६० घनमीटर लाकूड बुडालं की ६० टनांचा उचल येतो, उरलेलं परिणामी वजन ९० टन, आणि पकड ३६ ते ४५ टन. आता वरचा ४४ ते ५९ टनांचा रेटा आठवा. पाणी तळाच्या खाली असताना पूल पूर्ण सुरक्षित असतो, आणि एक मीटर वर चढल्यावर त्याला धरून ठेवायला जवळजवळ काहीच उरत नाही. या पुलांचं जाणं इतकं अचानक दिसतं ते यामुळे. त्यात हळूहळू वाकणं नाही, तडकण्याचे आवाज नाहीत. पूल अखंड उचलला जातो आणि पुढच्या वळणावर, झाडांवर किंवा दुसऱ्या पुलावर आपटून फुटतो.

मग पूल पायांना पोलादी पट्ट्यांनी बांधून का ठेवला नाही, असा प्रश्न हमखास येतो. थोड्या पाण्यासाठी ते उपयोगी आहे. पण सगळा रेटा तेव्हा जुन्या दगडी बांधकामावर जातो, ज्याच्या सांध्यांत ओढ सोसणारा चुनाही कधीचा सुटलेला असतो. पूल पायासकट उखडण्याची शक्यता वाढते, किंवा बांधलेल्या जागेवरच कैची मोडते. बाजूच्या खालच्या फळ्या पुराआधी काढून ठेवणं हा दुसरा उपाय, त्याने रेटा बराच घटतो. मात्र त्यासाठी पुराचा इशारा, माणसं आणि पान्यांनी सुटतील अशा फळ्या, तिन्ही हाताशी लागतात. टिकाऊ उपाय एकच आहे: तळ पुराच्या पातळीच्या वर.

पुन्हा उभारताना

पूल गेल्यावर खालच्या खोऱ्यात त्याचे तुकडे विखुरले होते. ते गोळा करून पूल पुन्हा जोडता येईल अशी आशा अनेकांनी धरली. ती तांत्रिकदृष्ट्या फोल होती. ओढ सोसणाऱ्या खालच्या तुळईतलं लाकूड एकदा आडवं तडकलं की ते पुन्हा ओढीसाठी वापरता येत नाही. राहिलेले सांधे आपटून सैल झालेले, आणि लाकडाची आतली अवस्था सांगणं कठीण. तुकड्यांचा उपयोग नमुना म्हणून असतो: खाचेची खोली, पाचरीचा उतार, बोल्टची जागा, करवतीच्या खुणा. त्याहून मोलाची गोष्ट ही होती की पूल उभा असतानाच त्याची मोजमापं घेऊन रेखाचित्रं सरकारी अभिलेखात ठेवली गेली होती. छपरी पूल असलेल्या कुठल्याही काउंटीने हे काम आधी करून ठेवावं, आणि त्यात पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंतची उंची जरूर लिहावी. ती अनेक नकाशांत नसते.

पैशाचा प्रश्न लांबला. केंद्रीय आपत्कालीन संस्था फेमा हिने आधी मदत नाकारली. काउंटीने अपील केलं आणि शेवटी मंजुरी मिळाली. अडचण समजण्याजोगी आहे. मदतीचे नियम रस्ता, शाळा, पाणीपुरवठा अशा चालू सेवांसाठी लिहिलेले असतात. वाहनं बंद असलेला पूल कोणती सेवा देत होता, हे कागदावर दाखवावं लागतं. पायी वाहतुकीच्या नोंदी, देखभालीच्या खर्चाच्या पावत्या, तपासणी अहवाल, पुलाचा मालक कोण याचा ठराव, हे पुराआधीचे कागद ज्या गावाकडे असतात त्याचं अपील उभं राहतं. ब्लेनहाइमचा मूळ पूल नष्ट झाल्यामुळे त्याचा राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा पुढे काढून घेण्यात आला. मला तो निर्णय योग्य वाटतो. दर्जा मूळ लाकडाला आणि मूळ कारागिरीला होता, आणि ती गेली.

नवा पूल २०१७ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये उभा राहिला. त्याच जागी, तीन कैच्यांचा, आणि पूर्वीपेक्षा स्पष्टपणे उंच. ही उंची हाच या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. तिच्यावर रास्त आक्षेप घेता येतो: पूल आता रस्त्याच्या पातळीला मिळत नाही, जुन्या छायाचित्रातला दिसत नाही, आणि ज्या काठावर तो १५६ वर्षं बसला होता त्याच्याशी त्याचं नातं बदललं. तरीही दुसरा मार्ग नव्हता. जुन्या उंचीवर जुनाच पूल बांधणं म्हणजे पुढच्या तशाच पुराला तो परत देणं झालं असतं, आणि दुसऱ्यांदा सरकारी मदत मागायला तोंड राहिलं नसतं.

अशा पुनर्बांधणीत लाकडाचा प्रश्न स्वतंत्र आहे. १८५५ चं पाइन जुन्या रानातलं, लांब, सरळ, कमी गाठींचं होतं. आज तेवढ्या लांबीचे तसे ओंडके बाजारात मिळत नाहीत. डग्लस फर या झाडाचं लाकूड घेतलं तर ते भक्कम आहे, पण घनमीटरला ५०० किलोच्या वर भरतं. २१० फुटांच्या पुलात मुख्य ओझं पुलाचं स्वतःचंच असतं, त्यामुळे लाकूड एक चतुर्थांश जड झालं की कैचीची सगळी गणितं पुन्हा करावी लागतात. जुन्या मापांची नक्कल करून जड लाकूड वापरणं ही चूक पुनर्बांधणीत होऊ शकते. नवं लाकूड पुरेसं वाळलेलं नसेल तर वर सांगितलेलं आकसणं पहिल्या तीन वर्षांत येतं आणि मधला उंचवटा उतरतो. म्हणून जुने कारागीर मुद्दाम पूल मधे वर उचललेला बांधत, आणि हल्लीही तेच करावं. पूल सपाट दिसू लागला की आधी पाचरी आणि मग पाये तपासायचे.

देखभालीत नेमकं काय बघायचं

वर्षातून दोनदा, बर्फ वितळल्यावर आणि शरद ऋतूतल्या पानगळीनंतर, फेरी पुरते. सुरुवात छपरापासून, भर दुपारी आतून वर बघत: उजेडाचा ठिपका दिसला तर ती गळती. मग खालच्या तुळईची चारही टोकं. साचलेली माती झाडूने काढून टाका, मग टोचणीने दाबून बघा. सुदृढ लाकडात ती थोडीच शिरते आणि काढताना तुकडा लांब फुटतो. कुजलेल्यात सहज शिरते आणि लाकूड चुऱ्यासारखं तुटतं. शंका आली तर बारीक ड्रिलने आतला विरोध मोजणारं यंत्र भाड्याने आणावं, कारण बाहेरून टणक दिसणारी तुळई आतून पोकळ असणं नेहमीचं आहे. ओलावा मीटरने तीन ठिकाणी मोजा: तुळईच्या टोकाला, मध्यावर आणि आढ्याजवळ. टोकाचा आकडा २० च्या वर सलग दोन फेऱ्यांत आला तर ठोकळे बदलायची वेळ झाली. पिवळसर बारीक भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर ती किडीची. भुकटी ताजी की जुनी ते कागद पसरून महिनाभराने बघून कळतं.

मधला उंचवटा दरवर्षी त्याच ऋतूत, सकाळी, लेव्हल यंत्राने मोजून वहीत लिहायचा. एक इंच फरक हवामानाने पडतो, दोन इंच सलग दोन वर्षं उतरले तर अभियंता बोलवावा. पायाच्या बाजूने दरवर्षी पूर ओसरल्यावर पाण्यात काठी टाकून तळाची खोली मोजावी आणि तिचीही वही ठेवावी. काठ कुठल्या बाजूने कापला जातोय हे १८६९ सारख्या पुराआधी काही वर्षं अशा वहीत दिसू लागतं. संरक्षक दगड वाहून गेले असतील तर ते गोल गोट्यांनी नव्हे, एकमेकांत अडकतील अशा कोपरे असलेल्या फोडलेल्या दगडांनी भरायचे, आणि टाकण्याआधी खाली खडीचा थर द्यायचा, नाही तर बारीक माती दगडांच्या फटींतून निघून जाते.

पुराचा इशारा आला की पुलाची दोन्ही टोकं दोरीने बंद करायची, पुलावर पाणी बघायला कुणी थांबणार नाही हे पाहायचं, आणि पुलाच्या तळापासून मोजून काठावर रंगाने तीन खुणा आधीच करून ठेवायच्या: तळाच्या तीन फूट खाली, एक फूट खाली आणि तळाची पातळी. पाणी पहिल्या खुणेला पोचलं की वर साचलेली झाडं जेसीबीने काठावरून ओढता येतात. दुसऱ्या खुणेनंतर पुलाजवळ कोणालाही पाठवू नये.